पाचवा धावपटू: अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रॉस कंट्री स्पर्धा कशी पाहावी आणि तिच्यातून काय घ्यावे

क्रॉस कंट्री म्हणजे गवताळ माळ, मातीच्या वाटा, टेकड्यांचे चढ-उतार आणि प्रसंगी चिखल यांतून धावण्याची लांब पल्ल्याची शर्यत. स्टेडियममधील आखीव ट्रॅक किंवा डांबरी रस्ता तिच्यात नसतो. अमेरिकेत या प्रकाराचा हंगाम विद्यापीठांच्या शैक्षणिक वर्षाबरोबर सप्टेंबरच्या सुरुवातीस उघडतो आणि नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी होणाऱ्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेने संपतो. ही स्पर्धा नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, ही तेथील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राची सर्वांत मोठी नियामक संस्था भरवते. सदस्य महाविद्यालयांच्या तीन श्रेणी असून प्रत्येक श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धा स्वतंत्र होते. प्रस्तुत लेखातील विवेचन, अन्यथा नमूद केले नसेल तेथे, पहिल्या श्रेणीविषयी आहे.

ही स्पर्धा पाहणारा नवखा प्रेक्षक साहजिकच आघाडीच्या धावपटूंकडे पाहतो आणि पहिला धावपटू रेषा ओलांडताच शर्यत संपली असे समजतो. वास्तविक या क्षणी स्पर्धेचा महत्त्वाचा निर्णय व्हायचाच असतो, कारण क्रॉस कंट्री हा मुळात सांघिक खेळ आहे आणि संघाचे भवितव्य बहुतेक वेळा त्याच्या पाचव्या क्रमांकाच्या धावपटूवर ठरते. हे सूत्र एकदा हाती आले की दूरवरून शर्यत पाहणारा रसिक, महाराष्ट्रातील महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक आणि उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाऊ इच्छिणारा धावपटू या तिघांनाही स्पर्धेकडे कसे पाहावे हे कळू लागते. त्या तिघांसाठी हे मार्गदर्शन आहे.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1938 मध्ये मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंग येथे झाली आणि 1964 पर्यंत तेच तिचे ठिकाण राहिले. मध्यंतरी 1943 मध्ये महायुद्धामुळे तिच्यात खंड पडला. तेव्हा अंतर चार मैलांचे होते, 1965 पासून ते सहा मैल झाले आणि 1976 पासून दहा किलोमीटर. एनसीएएच्या छत्राखाली महिलांची स्पर्धा 1981 मध्ये सुरू झाली. आरंभी पाच किलोमीटर असलेले तिचे अंतर 2000 पासून सहा किलोमीटर करण्यात आले. वैयक्तिक विजेत्यांच्या यादीत गेरी लिंडग्रेन, स्टीव्ह प्रीफाँटेन, हेन्री रोनो आणि एडवर्ड चेसेरेक या पुरुषांनी, तर महिलांत टेक्सास टेक विद्यापीठाच्या सॅली किपयेगो यांनी, प्रत्येकी तीन विजेतेपदे मिळवलेली आहेत. या यादीचे मोल आहेच. परंतु तिच्यावरून सांघिक स्पर्धेविषयी फारसे काही कळत नाही.

सांघिक गुणांची पद्धत मात्र सावकाश समजून घ्यावी. प्रत्येक संघाचे सात धावपटू धावतात आणि त्यांतील पहिल्या पाचांचे क्रमांक हेच त्यांचे गुण असतात. पहिल्या येणाऱ्यास एक गुण, दहाव्यास दहा, ऐंशीव्यास ऐंशी. पाचांची बेरीज ज्या संघाची सर्वांत कमी, तो संघ विजयी. म्हणजे गुण जितके कमी तितके चांगले, आणि शक्य असलेली सर्वांत लहान बेरीज एक ते पाच या क्रमांकांची, म्हणजे पंधरा. राष्ट्रीय पातळीवर ही बेरीज गाठणे जवळजवळ अशक्य मानले जाते. तरीही 1992 मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत कोलोरॅडो राज्यातील ॲडम्स स्टेट महाविद्यालयाच्या पुरुष संघाने जो व्हिहिल यांच्या मार्गदर्शनाखाली पहिले पाचही क्रमांक घेऊन ती साधली. पहिल्या श्रेणीत 1981 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो येथील संघाने 17 गुणांपर्यंत मजल मारली होती. हे अपवाद होत. एरवी विजयी संघाची बेरीज शंभराच्या आसपास, कधी त्याच्या बरीच पुढेही जाते. 2024 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या पुरुषांनी 124 आणि महिलांनी 147 गुणांवर अजिंक्यपद मिळवले. त्याच दिवशी वैयक्तिक विजेतेपदे हार्वर्डच्या ग्रॅहम ब्लँक्स आणि अलाबामाच्या डोरिस लेमंगोले यांच्याकडे गेली.

पाचव्या धावपटूचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका संघाचे पहिले तीन धावपटू थेट पहिला, दुसरा आणि तिसरा क्रमांक पटकावतात, चौथा साठावा येतो आणि पाचवा पंचाण्णवावा. बेरीज 161 होते. प्रतिस्पर्धी संघाचा एकही धावपटू पहिल्या विसांत नाही, पण त्याचे पाच जण 22, 25, 28, 31 आणि 34 या क्रमांकांवर एकापाठोपाठ येतात. त्यांची बेरीज 140. पदकांचा चौथरा पहिल्या संघाने भरलेला असला तरी चषक दुसऱ्या संघाकडे जातो. पहिल्या संघाला ही हार टाळायची असेल तर त्याच्या अव्वल तिघांच्या हाती काहीच उरलेले नसते, कारण पहिल्या क्रमांकापेक्षा वरचा क्रमांक नाही. पाचवा धावपटू मात्र 95 वरून 73 वर आला असता तर बेरीज 139 होऊन संघ एका गुणाने जिंकला असता. आघाडीवर दोन धावपटूंमध्ये कित्येक सेकंदांचे अंतर असू शकते, तर शर्यतीच्या मधल्या दाटीत एकाच सेकंदात दोन-तीन किंवा त्याहूनही अधिक जण रेषा ओलांडतात. म्हणजे 22 क्रमांकांची ही सुधारणा दहा किलोमीटरमध्ये जेमतेम दहा सेकंदांची आहे. हाच वेळ पहिल्या धावपटूने वाचवला तर संघाच्या गुणांत बहुधा काहीच फरक पडत नाही.

सहाव्या आणि सातव्या धावपटूचे गुण बेरजेत धरले जात नाहीत, पण त्यांचे क्रमांक कायम राहतात. आपला सहावा धावपटू प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या पुढे आला तर प्रतिस्पर्ध्याचा एक गुण वाढतो, सातवाही पुढे आला तर दोन. प्रतिस्पर्ध्याला असे मागे ढकलणे हे या दोघांचे काम असते, आणि एखाद्या सहकाऱ्याला दुखापत झाली तर त्याची जागा भरून काढणे हे दुसरे. 2023 मध्ये व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिलजवळच्या पॅनोरामा फार्म्स येथे महिलांचे अजिंक्यपद नॉर्थ कॅरोलिना स्टेटने 123 विरुद्ध 124, म्हणजे नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठावर अवघ्या एका गुणाने मिळवले. असा निकाल समोर असताना सातव्या धावपटूचे धावणे निरर्थक होते असे कोणीही म्हणणार नाही. दोन संघांचे गुण समान झाल्यास पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी अशी पाचही धावपटूंची तुलना केली जाते आणि ज्याचे अधिक धावपटू सरस ठरतात तो संघ वरचा मानला जातो. हा नियम कागदावरच राहिलेला नाही: 2022 मध्ये स्टिलवॉटर येथे यजमान ओक्लाहोमा स्टेट आणि नॉर्दर्न ॲरिझोना यांच्या पुरुष संघांचे प्रत्येकी 83 गुण झाले आणि नॉर्दर्न ॲरिझोनाने ही तुलना तीन विरुद्ध दोन अशी जिंकून अजिंक्यपद राखले.

निकालपत्रक वाचताना नवख्या वाचकाचा गोंधळ बहुधा एका ठिकाणी होतो. स्पर्धेत संघांबरोबरच काही धावपटू वैयक्तिक पात्रतेवर उतरतात. त्यांना क्रमांक मिळतो, पण सांघिक गुण मोजताना त्यांना वगळून उरलेल्यांना नव्याने क्रमांक दिले जातात. त्यामुळे प्रत्यक्षात साठावा आलेला धावपटू संघासाठी साठापेक्षा कमी गुण घेऊन येतो आणि वरवरच्या क्रमांकांची बेरीज जाहीर गुणांशी जुळत नाही. पत्रकात एकूण क्रमांक आणि सांघिक क्रमांक असे दोन स्तंभ असतात. बेरीज दुसऱ्या स्तंभाची करावी. संघाच्या पहिल्या आणि पाचव्या धावपटूच्या वेळेतील फरकही पत्रकात दिलेला आढळतो. हा फरक जितका कमी तितका संघ एकसंध, असे ढोबळमानाने म्हणता येते, परंतु त्याचा अर्थ पाचवा कितव्या स्थानी आला यासह लावावा. दोनशेव्या क्रमांकाच्या आसपास एकत्र आलेल्या पाच जणांचा फरकही कमीच असतो.

राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे. देशाचे नऊ विभाग पाडलेले असून राष्ट्रीय स्पर्धेच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी, सर्व विभागीय स्पर्धा होतात. प्रत्येक विभागातील पहिले दोन संघ थेट पात्र ठरतात, म्हणजे अठरा. उरलेले तेरा संघ निवड समिती हंगामातील कामगिरीवरून घेते, आणि तिचा मुख्य निकष असा की या संघाने आधीच पात्र ठरलेल्या किती संघांना हंगामात हरवले आहे. एकूण 31 संघांचे 217 धावपटू आणि त्यांच्याखेरीज वैयक्तिक पात्रतेवर येणारे 38, असे 255 जण एका शर्यतीत धावतात. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे होणाऱ्या नटीकोम्ब स्पर्धेसारख्या मोठ्या मेळाव्यांना बलाढ्य संघ का जातात, याचे उत्तर या निकषात आहे: तेथे एकाच सकाळी अनेक तुल्यबळ संघांना मागे टाकण्याची संधी असते. हंगाम पाहणाऱ्याने म्हणूनच केवळ विजेत्यांची नोंद ठेवू नये. ऑक्टोबरच्या स्पर्धांत पाचव्यापासून पंधराव्यापर्यंत आलेल्या संघांचा परस्परक्रम टिपून ठेवावा, म्हणजे विभागीय निकाल लागल्यावर उरलेल्या तेरा जागांचा बराचसा अंदाज स्वतःच बांधता येतो.

भारतातून शर्यत पाहणाऱ्यास ती रात्री पाहावी लागते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व भागातील वेळ भारतापेक्षा साडेदहा तास आणि मध्य भागातील साडेअकरा तास मागे असते, त्यामुळे तेथील सकाळी दहाची शर्यत येथे रात्री साडेआठ किंवा साडेनऊला सुरू होते. महिला आणि पुरुष यांच्या शर्यती एकापाठोपाठ होतात. आरंभरेषेवर प्रत्येक संघासाठी स्वतंत्र खण आखलेला असतो आणि बंदुकीचा बार होताच अडीचशे धावपटू शेकडो मीटरच्या मोकळ्या सरळ पट्ट्यातून धावत सुटतात, कारण पुढे वाट अरुंद होऊन वळण घेते आणि तेथे मागे सापडलेल्याला नंतर एकेकाला ओलांडत जावे लागते. पहिल्या शंभर मीटरांत धक्का लागून कोणी पडल्यास शर्यत थांबवून पुन्हा सुरू करण्याची तरतूद आहे. पहिल्या दोन किलोमीटरनंतर पडद्यावर येणारे सांघिक गुण पाहून निष्कर्ष काढू नये. या टप्प्यावर उतावळेपणाने पुढे आलेले अनेक जण नंतर मागे पडतात. विश्वासार्ह चित्र पुरुषांच्या शर्यतीत पाच ते आठ किलोमीटरच्या दरम्यान तयार होते. पाचव्या आणि आठव्या किलोमीटरच्या नोंदींमध्ये कोणत्या संघाचा चौथा आणि पाचवा धावपटू पुढे सरकला आणि कोणाचा घसरला, एवढे पाहिले तरी शेवट कोणत्या दिशेने जाणार ते बहुधा कळते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही स्पर्धा प्रत्यक्ष पाहणे सहज शक्य आहे आणि ती अवश्य पाहावी, कारण मैदानात पडद्यापेक्षा पुष्कळ अधिक दिसते. जाड तळाचे, पाणी न शिरणारे बूट आणि थंडीचे पुरेसे कपडे आवश्यक आहेत. अंतिम रेषेजवळ गर्दी करून उभे राहण्याचा मोह टाळावा. ज्या ठिकाणी मार्ग दोनदा जवळून जातो अशी एखादी चढाची जागा आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर मार्ग पायी फिरून निवडावी. दोन संघांची चुरस असेल तर त्यांच्या पोशाखांचे रंग ज्या क्रमाने समोरून जातील त्या क्रमाने वहीत टिपावेत आणि प्रत्येकाचा पाचवा येईपर्यंत मोजत राहावे. ही केवळ दोन संघांपुरती मोजणी असल्याने ती अधिकृत गुणांशी जुळणार नाही, परंतु हीच नोंद दुसऱ्या फेरीत पुन्हा केल्यावर कोणता संघ वर सरकतो आहे ते दिसते.

वेळेच्या आकड्यांबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. ट्रॅकवरील दहा हजार मीटरची वेळ जगात कोठेही तुलनेला घेता येते, क्रॉस कंट्रीची वेळ तशी घेता येत नाही. इंडियाना राज्यातील टेरे होट येथील लाव्हर्न गिब्सन मार्ग खास क्रॉस कंट्रीसाठी तयार केलेला असून तेथे ही राष्ट्रीय स्पर्धा अनेकदा झाली आहे. 2019 मध्ये चिखल आणि थंडी यांमुळे तेथे पुरुषांचा विजेता एडविन कुरगाट याला 30 मिनिटे 32 सेकंद लागले, तर 2023 मध्ये पॅनोरामा फार्म्सच्या मार्गावर ग्रॅहम ब्लँक्सने 28 मिनिटे 37 सेकंदांत विजय मिळवला. या फरकावरून एक धावपटू दुसऱ्याहून दोन मिनिटांनी सरस होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. क्रॉस कंट्रीत त्या दिवशी, त्या मार्गावर, कोणाच्या पुढे कोण आले यालाच अर्थ असतो, आणि म्हणूनच या स्पर्धेत सन्मानही क्रमांकांवरून दिले जातात: पहिल्या चाळीस धावपटूंना ऑल-अमेरिकन हा किताब मिळतो.

आता महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या कामाचा भाग. भारतात असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संस्थेच्या वतीने अखिल भारतीय आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्री स्पर्धा होते आणि तेथेही सांघिक विजेतेपद दिले जाते. किती धावपटू उतरवायचे आणि किती जणांचे गुण धरायचे हे त्या वर्षीच्या परिपत्रकातून निश्चित करून घ्यावे, कारण सरावाची आखणी या आकड्यापासून सुरू व्हायला हवी. जेवढ्यांचे गुण धरले जातात त्यांतील शेवटचा धावपटू हा प्रशिक्षकाच्या लक्षाचा केंद्रबिंदू असावा. प्रत्यक्षात मात्र वेळ, आहार, बूट आणि स्पर्धांचा प्रवासखर्च ही सारी साधने संघातील एका-दोघा हुशार धावपटूंवर खर्च होताना दिसतात, आणि उरलेल्यांची निवड विद्यापीठ स्पर्धेच्या तोंडावर घाईने केली जाते. ही सवय बदलली पाहिजे.

बदलाची सुरुवात गटाने धावण्याच्या सरावापासून करावी. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या धावपटूंना आठवड्यातून किमान एकदा एकत्र, ठरलेल्या वेगाने धावू द्यावे; या कामासाठी थ्रेशोल्ड गतीचा सराव योग्य असतो. थ्रेशोल्ड म्हणजे श्रमाची ती मर्यादा, जिच्या पलीकडे गेल्यास रक्तात लॅक्टेट झपाट्याने साचू लागते आणि धावपटू काही मिनिटांत थकतो. या मर्यादेच्या किंचित अलीकडे राहून वीस ते तीस मिनिटे धावल्यास शरीर अधिक वेगाने अधिक वेळ टिकायला शिकते. वेग गटातील सर्वांत मागच्या धावपटूला झेपेल असा ठेवावा आणि तो सुधारेल तसा वाढवावा. पुढच्या दोघांसाठी वेगळा सराव असू द्यावा, परंतु आठवड्याची लांब धाव सर्वांनी एकत्र करावी.

दुसरी गोष्ट आरंभाची. गर्दीच्या शर्यतीत पहिले चार-पाचशे मीटर स्वतःच्या सरासरी वेगापेक्षा जलद धावून मग श्वास सावरत मूळ वेगावर यावे लागते, आणि हे कौशल्य सरावाशिवाय येत नाही. सहाशे मीटर जोरात धावून न थांबता पंधरा मिनिटे थ्रेशोल्ड गतीने धावणे हा त्यासाठी साधा आणि परिणामकारक सराव आहे. चढावर वेग कायम राखण्याचा हट्ट धरू नये, श्रम कायम राखावेत. माथ्यावर पोहोचल्यावर मात्र लगेच सैल न होता पुढची पन्नास पावले नेटाने टाकावीत, कारण बहुतेक प्रतिस्पर्धी या ठिकाणी उसंत घेतात आणि क्रमांक तेथे कमावता येतात. उतारावर पावले आखूड आणि जलद असावीत. हातावरचे घड्याळ या शर्यतीत फारसे उपयोगी नाही. समोरच्या धावपटूच्या पाठीवर नजर ठेवणे अधिक हिताचे.

सरावाच्या जागेबाबत राज्यातील परिस्थितीचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती बुटांना थरावर थर चिकटते आणि घोट्यांवर ताण आणते, तेव्हा तेथे मुरमाड वाटा किंवा गवताळ माळ शोधावेत; कोकणातील आणि घाटमाथ्यावरील शेवाळलेल्या दगडांवर वेगाचा सराव करू नये. काटेरी बूट, म्हणजे स्पाईक्स, वापरत असल्यास कोरड्या कठीण जमिनीसाठी साधारण सहा मिलिमीटरचे काटे पुरतात, चिखलासाठी बारा किंवा अधिक लागतात, आणि स्पर्धेच्या आधी निदान दोन-तीन सराव त्याच बुटांत झालेले असावेत. मार्ग आदल्या दिवशी संपूर्ण संघाने चालून पाहावा आणि कोणत्या वळणाआधी पुढे सरकायचे ते तेथेच ठरवावे. मोकळ्या रानातील या धावण्याचा लाभ ट्रॅकवरही होतो: बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे सैन्यात असताना आधी क्रॉस कंट्री धावत होते, तेथून ते तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळले आणि 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले.

अमेरिकेस जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या श्रेणीचाच विचार करणे योग्य नाही. तिसऱ्या श्रेणीत क्रीडा शिष्यवृत्ती दिली जात नाही, पहिल्या श्रेणीतील, हार्वर्डसारख्या, आयव्ही लीगच्या विद्यापीठांतही नाही. तिसऱ्या श्रेणीत मदत मिळते ती गुणवत्तेच्या किंवा आर्थिक गरजेच्या आधारे, आयव्ही लीगमध्ये केवळ आर्थिक गरजेच्या आधारे. इतर विद्यापीठांत क्रॉस कंट्री आणि ट्रॅक यांचा शिष्यवृत्ती निधी सामायिक असतो आणि तो अनेकांत थोडा थोडा वाटला जातो, त्यामुळे पूर्ण खर्च उचलला जाईल हे गृहीत धरून अर्ज करू नये. शिष्यवृत्ती, संघाची सदस्यसंख्या आणि पात्रता यांचे नियम अलीकडे वेगाने बदलत आहेत, तेव्हा वर्षापूर्वीच्या माहितीवर न विसंबता संबंधित विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा. विशेषतः दोन गोष्टी आधीच विचाराव्यात: रस्त्यावरील शर्यतींत मिळालेल्या रोख बक्षिसांचा पात्रतेवर काय परिणाम होतो, आणि बारावीनंतर प्रवेश घेईपर्यंत गेलेल्या काळात धावलेल्या स्पर्धा कशा मोजल्या जातात. मिळालेल्या प्रत्येक बक्षिसाची पावती आणि तारीख जपून ठेवावी आणि अर्जात काहीही लपवू नये.

पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्या, विद्यापीठाच्या मुख्य संघात जागा मिळण्याइतकी गती नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी वाट उपलब्ध आहे. अनेक विद्यापीठांत विद्यार्थीच चालवत असलेले धावण्याचे क्लब असतात आणि नॅशनल इंटरकॉलेजिएट रनिंग क्लब असोसिएशन ही संस्था त्यांच्यासाठी नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा भरवते, जिच्यात पुरुष आठ आणि महिला सहा किलोमीटर धावतात. क्लबचे सदस्यत्व सामान्यतः माफक शुल्क भरून मिळते. परक्या गावात सोबत्यांचा एक गट मिळावा एवढ्यासाठीसुद्धा पहिल्याच आठवड्यात क्लबच्या सरावाला जाणे इष्ट.

मुख्य संघासाठी प्रयत्न करणाऱ्याने विद्यापीठ निवडताना त्या संघाच्या अव्वल धावपटूची वेळ पाहून हुरळून किंवा खचून जाऊ नये. मागील दोन हंगामांचे निकाल काढून पाचव्या, सहाव्या आणि सातव्या धावपटूची नावे शोधावीत, त्यांच्या ट्रॅकवरील पाच हजार आणि दहा हजार मीटरच्या वेळा पाहाव्यात आणि त्यांच्याशी स्वतःच्या वेळांची तुलना करावी, कारण प्रशिक्षक नव्या विद्यार्थ्याची तुलना याच जागांशी करतो. त्यांतील कोण शेवटच्या वर्षात आहे हेही पाहावे. पुढल्या हंगामात रिकाम्या होणाऱ्या जागा त्यावरून कळतात. मग प्रशिक्षकाला थोडक्यात पत्र लिहावे: अधिकृत स्पर्धांतील ट्रॅकवरच्या वेळा दिनांक आणि ठिकाणासह, गेल्या दोन वर्षांतील सुधारणा, आठवड्याचे सध्याचे अंतर, गुणपत्रके आणि प्रवेशाचे अपेक्षित सत्र. केवळ रस्त्यावरील वेळा पाठवल्यास त्यांची पडताळणी कठीण जाते, म्हणून अर्जाच्या वर्षी विद्यापीठ किंवा राज्य पातळीवरील एक तरी पाच हजार मीटरची ट्रॅक शर्यत धावून ठेवावी आणि त्या निकालपत्रकाची प्रत पत्रासोबत जोडावी.